सगळं कळतंय त्यांना

पायाची चार बोटं, तीन पुढं आणि एक मागं, आणि त्यांच्या मधोमध वच्छलानं घातलेलं स्वतःचं बोट – ते तिथं नुसतंच राहिलं. कोंबडीला उचललं की तिचे पाय हवेत काहीतरी शोधतात, बोट दिलं तर बोट, काडी दिली तर काडी, आवळून धरतात. इतकं की सोडवून घ्यावं लागतं. ठिपक्याठिपक्यांच्या चितळीचा पाय मात्र उघडाच राहिला. नखांना चुलीतली राख लागली होती, पिवळी खवल्याखवल्यांची कातडी कोरडी होती, गरम होती – गरम होती म्हणजे जिवंत होती – पण पाय बोटाला ओळखत नव्हता. वच्छलानं दुसरा पाय पाहिला. तोही तसाच. मग तिनं कोंबडीला खाली ठेवलं आणि ती ठेवली तशी राहिली, एका कुशीवर, पिळून टाकलेल्या फडक्यासारखी, मान लांब करून, चोच मातीत टेकवून.

डोळा तेवढा उघडा होता.

ऊन अजून भिंतीवरून खाली उतरलं नव्हतं. वच्छला परसात फिरली, टोपल्याखाली, जळणाच्या ढिगाआड, रिकाम्या रांजणामागं. सोसायटीच्या पांढऱ्यांपैकी चार तशाच पडलेल्या. तांबडी अजून बसून होती, पण उठायला गेली की पंखांवर भार देऊन पुढं कलंडत होती, जणू पाय दुसऱ्या कुणाचे असावेत आणि तिला उसने दिलेले असावेत. काळी भिंतीला टेकून होती. तिची मान हळूहळू खाली येत होती, ती सावरत होती, पुन्हा येत होती, एखादी म्हातारी कीर्तनात पेंगते तशी. सात. विसातल्या सात. बाकीच्या तेरा त्यांच्या अंगावरून उड्या मारत इकडं तिकडं फिरत होत्या, काही झालंच नाही अशा.

कालपर्यंत सगळं ठीक होतं... ठीक म्हणजे दुष्काळात जेवढं असतं तेवढं. पावसानं तोंड फिरवलं त्याला हे तिसरं साल. विहिरीत तळाचे खडक दिसत होते, टँकर दिवसाआड यायचा. गावातली दूध सोसायटी गेल्या दिवाळीतच बंद पडली, जनावरंच राहिली नाहीत तर दूध कुठलं. आणि मग बायकांनी मिळून कोंबड्यांची सोसायटी काढली. तेवीस बायका, प्रत्येकीच्या परसात वीस-वीस कोंबड्या, अंडी गोळा करून सकाळच्या एस.टी.नं नेकनूरवरून बीडला. कोंबडीला पाणी कमी लागतं, ती उकिरड्यावर जगते. दुष्काळातही जगेल असं जनावर, असं सगळ्या म्हणाल्या होत्या. वच्छलाही म्हणाली होती.

ओसरीवर अर्जुनराव बसले होते. तिचा नवरा. पंधरा वर्षं ते दूध सोसायटीचे सेक्रेटरी होते. पहाटे चारला उठून कॅन मोजून घेणारा माणूस. सोसायटीला कुलूप लागल्यापासून ते असेच खांबाला पाठ लावून बसत, ऊन आलं की थोडं सरकत. तिनं तिथूनच सांगितलं, "अहो, कोंबड्या पडल्या. सात." त्यांनी मान वळवून पाहिलं.

बोलली ती सुभद्राबाई. भिंतीपलीकडची चुलत जाऊ, वयानं दहा वर्षांनी मोठी, सोसायटीतली पहिली सभासद. आवाज ऐकून ती भिंतीवरून डोकावली आणि डोकावता डोकावताच तिचा चेहरा उतरला.

"मानमोडी हाय गं ही."

"तसं वाटत न्हाई, आक्का. खोकत न्हाईत, काही न्हाई..."

"मान पडली म्हंजी मानमोडीच. माझ्या मायच्या घरी एका दिसात साठ मेल्या होत्या. हे बघ वच्छला, जित्या हायत तवर कापून टाक. मेल्यावर कुत्रंबी तोंड लावायचं न्हाई."

"सातीबी?"

"सात कावून? सगळ्या. ज्या हिंडतेत त्याबी. आज न्हाई तर उद्या पडायच्याच. अन् माझ्या सतरा हायत हितं, भिंतीच्या अल्याड. तिकडं गंगासागरच्या दारी कोंबडी जाती, तिकडून शाळंपोतर जाती. आख्खी सोसायटी बसंल. तुला म्हाईत हाय मला वाईट बोलायचं न्हाई, पर दुपारच्या आत कर."

सुभद्राबाई खोटं बोलत नव्हती. तिच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, आणि ती भीती खरी होती. तेवीस घरांत दुसरं काय उरलं होतं? वच्छला आत गेली, सुरी घेऊन आली. तिला हे काम नवं नव्हतं. चितळीला लाकडावर ठेवलं, डाव्या हातानं मान धरली. एरवी मान हातात आली की अंगभर धडपड सुरू होते, पंख फडफडतात, म्हणून गुडघ्याखाली धरावं लागतं. ती सवयीनं गुडघा टेकवायला गेली, आणि तिच्या लक्षात आलं की गुडघ्याची गरजच नाही. कोंबडी हलणार नव्हती. मान हातात दोरीसारखी पडून होती.

आणि डोळा... तांबूस, गोल, मध्ये काळा ठिपका. सुरी उजवीकडून आली तेव्हा तो ठिपका उजवीकडं सरकला. वच्छलानं सुरी डावीकडं नेली. डोळा सुरीमागून गेला. बाकीचं अंग मेल्यासारखं आणि डोळा सुरीमागून जातोय. तिनं पुन्हा एकदा, हळूच, सुरी उजवीकडं आणली – का आणली ते तिला नंतर सांगता आलं नसतं – आणि डोळा पुन्हा आला.

तिनं सुरी लाकडावर ठेवली.

"आधी डागदरला दाखवते," ती भिंतीकडं न बघता म्हणाली. "छावणीत आलेले असतील ते. मग काय ते करते."

"तवर उशीर होतो बघ."

"होऊ द्या."

चांगल्या तेरा तिनं खोलीत कोंडल्या, दाराला कडी घातली, चितळीला पदरात घेतलं आणि निघाली.

छावणी ओढ्यापलीकडं माळावर होती. चार गावांची जनावरं तिथं एका दावणीला, उसाचं वाढं चघळत. हाडं वर आलेली, तरी जबडा चालूच. त्रिंबकराव डॉक्टर – डॉक्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातले पशुधन पर्यवेक्षक, पण त्यांना सगळे डॉक्टरच म्हणत – एका गाईपाशी उभं राहून तांब्याभर पाण्यात हात धूत होते, आधी एक, मग त्याच पाण्यात दुसरा. त्यांनी कोंबडी हातात घेतली. मान उचलून सोडली, ती पडली. मानेवरचं एक पीस चिमटीत धरून ओढलं; ते सहज निघालं, जसं काही नुसतं टेकवून ठेवलं होतं. त्यांनी अजून एक ओढलं. तेही आलं.

"पाय आधी गेले का मान?"

"पाय. मान मागून."

"हं. मानमोडी न्हाई ही, मावशी. मानमोडीत मान पिळवटती, कोंबडी घरघर करती, हिरवं हागती. हिची मान पिळलेली न्हाई, गळालेली हाय. हे खालून वर चढतं. आधी पाय, मग पंख, मग मान, सगळ्यात शेवटी पापणी." ते थांबले. "घराजवळ एखादं मेलेलं जनावर पडलंय का? किडे पडलेलं?"

वच्छला काही बोलणार तोच तिच्या डोळ्यांपुढं परवाची संध्याकाळ आली. कोंबड्या ओढ्याकडून परतत होत्या, एकामागोमाग, डुलत, आणि प्रत्येकीच्या गळ्याखालची पिशवी टम्म फुगलेली. तिला केवढा आनंद झाला होता! ह्या दिवसांत, जिथं माणसाला अर्धी भाकरी, तिथं कोंबड्यांना पोटभर मिळालं. कुठं मिळालं हे बघायला ती गेली नव्हती. वास आला होता वाऱ्याबरोबर. पण वास तर सगळीकडूनच येत होता यंदा.

"ओढ्यात आसंल," ती म्हणाली. "कुणाचं तरी वासरू."

"मग तेच. मेलेल्या जनावरातलं विष किड्यात उतरतं, किड्यातून कोंबडीत. हे एकीचं दुसरीला लागत न्हाई. ज्यांनी खाल्लं त्याच पडल्या. आता असं करा, जनावर खोल पुरा, वर चुना टाका. ह्यांना सावलीला ठेवा, तोंड वर धरून थेंब थेंब पाणी पाजा, गुळाचं. घाई केली तर पाणी फुफ्फुसात जाईल. मी पुडी देतो, पोट साफ व्हायची, चिमूटभर घाला. आन् खाऊ नका ह्यांना, अंडीबी न्हाई. आजचा दिवस अन् उद्याचा निघाला तर निघतील त्यातल्या काही."

एवढं बोलून त्यांनी कोंबडी परत दिली. वच्छलानं ती घेतली, पदर सारखा केला, निघाली, आणि चार पावलं जाऊन वळली. विचारावं असं काही नव्हतं, पण तिनं विचारलं.

"दुखत आसंल का हो हिला?"

डॉक्टर दुसऱ्या गाईकडं वळले होते. "दुखत न्हाई बहुतेक," ते म्हणाले, सहज, जसं कुणी वाट विचारल्यावर सांगावं. "पण शुद्ध जात न्हाई ह्यात. सगळं कळतंय त्यांना. ऐकू येतंय, दिसतंय. निस्तं हलता येत न्हाई, एवढंच."

एवढंच.

ओढ्याच्या कोरड्या वाळूतून ती परत आली तेव्हा वासाच्या दिशेला तिनं पाहिलं नाही. ऊन डोक्यावर आलं होतं. पदरातलं वजन काही हलत नव्हतं आणि तरी तिला वाटत होतं की आपण कुणाला तरी घेऊन चाललो आहोत. काहीतरी नव्हे, कुणाला तरी. आणि ह्या वाटण्याच्या मागून, अगदी हळू, दार ढकलून यावं तसं दुसरं काहीतरी येत होतं. ते काय आहे हे तिला कळलं होतं. अजून बघायचं नव्हतं एवढंच. तिनं पावलं उचलली. सगळं कळतंय त्यांना. घरी जाऊन पाणी गाळायचं, गूळ कुठं ठेवलाय... निस्तं हलता येत न्हाई... गूळ फळीवर, डब्यात... आणि ओसरीच्या पायरीवर पाय ठेवताना ते दार पूर्ण उघडलं.

आत्याबाई.

बायनाबाई, तिची सासू. आठ वर्षं झाली. नारायणगडाला दर वर्षी पायी जाणारी, वाटेत कुणी दमलं तर त्याचं गाठोडंही आपल्या डोक्यावर घेणारी बाई एका सकाळी जनावरांच्या हौदापाशी पडली ती पुन्हा उठली नाही. अंगावरून वारं गेलं. उजवं अंग पूर्ण, डावं बरंचसं, वाचा गेली. बीडच्या दवाखान्यातून आठ दिवसांनी परत पाठवलं. त्यानंतर चौदा महिने ती मधल्या खोलीत, आढ्याकडं तोंड करून. वच्छलानं तिचं सगळं केलं. गाव आजही सांगतं, सून असावी तर अशी. पाठीला एक जखम होऊ दिली नाही. पेज, आंघोळ, फडकी, तेल... आणि हे सगळं करताना – हे गाव सांगत नाही, कारण गावाला माहीत नाही – हे सगळं करताना ती बोलत होती.

सगळेच बोलत. भेटायला येणारे दारातूनच मोठ्यानं विचारत, "वळखती का?" आणि उत्तराची वाट न बघता म्हणत, "काय कळतंय आता तिला." आणि मग तिच्या उशाशीच बसून पेरणीचं, लग्नाचं, कुणाकुणाचं. म्हणून वच्छलाही. एकदा सुभद्राबाईबरोबर ज्वारी निवडताना, खाटेपासून दोन हातांवर, ती म्हणाली होती, "सुटली तर बरं हुईल आक्का. तिचीबी सुटका अन् माझीबी." तेव्हा सूप हातात होतं. खडा दिसला, तो उचलून टाकला, आणि वाक्य पुरं केलं. मी बोलले होते. माझ्याच तोंडानं. आणि तिची पेटी उघडून तिची लुगडी काढली होती मी, तिच्या डोळ्यांसमोर, ही माझ्या लेकीला, शिवकन्येला, ही नणंदेला, ही मला. ती जिवंत असताना. ती बघत होती. आढ्याकडं नव्हती बघत. आता आठवतं... ती लुगड्यांकडं बघत होती.

वच्छला ओसरीवर उभी राहिली. तिला बसावंसं वाटलं, पण पदरात कोंबडी होती.

"काय म्हणला डागदर?" भिंतीवरून सुभद्राबाई.

तिनं सांगितलं. वासरू, किडे, विष, लागण नाही. सुभद्राबाईनं दोनदा विचारलं, "लागत न्हाई म्हणला? असंच म्हणला?" आणि मग तिच्या चेहऱ्यावरची भीती अशी उतरली की ती एकदम म्हातारी दिसू लागली. "मग माझ्या आजपासून कोंडूनच ठिवते," ती म्हणाली. "आन् तू... हलकं वाटतंय का न्हाई तुला?"

"न्हाई," वच्छला म्हणाली. आणि नवऱ्याकडं वळून, "अहो, ओढ्यात वासरू पडलंय. खोल पुरायला पायजे. चुना हाय मागच्या खोलीत, सारवायला आणलेला."

अर्जुनराव तिच्याकडं बघत राहिले. ती पुन्हा सांगणार तेवढ्यात ते उठले, खांबाला हात देऊन, आणि फावडं नि चुन्याची पिशवी घेऊन मागच्या दारानं गेले.

दुपारभर ती सावलीत सात कोंबड्यांपुढं बसून होती. गोणपाट ओलं करून त्यावर सगळ्या ओळीनं ठेवल्या. डाव्या तळव्यावर मान घ्यायची, अंगठ्यानं चोच किंचित उघडायची, आणि उजव्या हातातल्या चिंधीतून गुळाच्या पाण्याचा एक थेंब सोडायचा. मग थांबायचं. थेंब चोचीत तसाच राहायचा, चमकत, कितीतरी वेळ. आणि मग घशाच्या आत कुठंतरी, दिसणार नाही इतकी, एक हालचाल व्हायची आणि थेंब नाहीसा व्हायचा. पहिल्यांदा ते झालं तेव्हा वच्छलाच्या अंगावर काटा आला. सगळं अंग बंद, सगळी दारं लावलेली, आणि आत कुणीतरी एका थेंबाला उठून सामोरं गेलं होतं. मग दुसरी. मग तिसरी. सातवीपर्यंत जाऊन परत पहिलीकडं यायला अर्धा तास लागे.

एक पांढरी दोनच्या सुमारास गेली. तिच्यात आणि बाकीच्यांत बाहेरून काही फरक नव्हता. तेच लोळागोळा अंग, तीच मान. पण वच्छलाला तळव्यावर घेताच कळलं. आत कुणी नव्हतं. हे तिला इतकं स्पष्ट कळलं की तिनं मान परत उचलून पाहिली, पुन्हा बाजूच्या जिवंत कोंबडीची मान उचलून पाहिली – वजन तेच, ऊब जवळजवळ तीच – आणि तरी ह्या दोघींत सगळं जग होतं. मग हे आपल्याला तेव्हा का कळलं नाही? चौदा महिने आत्याबाईचं डोकं ह्याच तळव्यावर घेऊन पेज भरवली. तेव्हा हात आंधळे होते का?

आणि मग तिला ते आठवलं जे ती कधीच आठवत नसे.

तिची पहिली मुलगी. शिवकन्येच्या आधीची, अकराव्या दिवशी गेलेली, बारशाच्या आदल्या दिवशी, म्हणून नाव नसलेली. सगळ्यांनी सांगितलं होतं, रडू नको, दूध आटंल, पुढचं लेकरू वाचायचं न्हाई. ती रडली नाही. वर्षं गेली, शिवकन्या झाली, मोठी झाली, दिंद्रुडला दिली, आणि मग ह्या मधल्या खोलीत, दुपारच्या वेळी, सासूच्या पायांना तेल लावता लावता एक दिवस वच्छलाच्या तोंडून ते निघालं. कुणाला सांगितलं असं नव्हतंच ते, भिंतीशी बोलावं तसं. तिचे केस कसे होते, ओठ कसा मुडपायची. त्यानंतर रोज. तेलाची वाटी घेऊन बसायचं आणि बोलायचं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी आपण गाठोडं बांधून नेकनूरच्या स्टँडवर जाऊन बसलो होतो, कुठंतरी निघून जायला, चार गाड्या सोडल्या, दिवेलागणीला परत आलो आणि बाजाराला गेलते म्हणून सांगितलं – हेही. जे नवऱ्याला नाही, आईला नाही, मुलीला नाही, ते सगळं. कारण ती ऐकत नव्हती. कारण तिथं कुणी नव्हतं.

चिंधी हातात तशीच राहिली. तांबडीच्या चोचीतला थेंब गेला होता आणि ती पुढच्याची वाट बघत होती.

तिथं होतं कुणीतरी.

आधी जे आलं ती लाजच होती, अंगभर, कानाच्या पाळ्या तापल्या. आत्याबाईला सगळं माहीत होतं. सुटली तर बरं, हे माहीत होतं. लुगडी माहीत होती. पण लाज तिथं थांबली नाही. विहीर खणताना मुरूम संपून एकदम दगड लागावा तसं तिच्याखाली वेगळंच काहीतरी लागलं. तिला *सगळं* माहीत होतं. माझी मुलगी माहीत होती. ह्या जगात माझ्याशिवाय त्या केसांचा रंग माहीत असलेलं दुसरं माणूस चौदा महिने त्या खाटेवर होतं. मी स्टँडवर गेले होते हे तिला कळलं होतं, आणि त्याच हातांनी भरवलेली पेज ती गिळत होती. एकेक घोट, आतून उठून.

आणि तिची डाव्या हाताची दोन बोटं. तेवढीच हलायची तिची. तेल लावून वच्छला उठायला लागली की ती बोटं तिच्या पदराचा काठ धरायची. वच्छलाला वाटायचं, शीर आखडते. ती हळूच बोटं सोडवायची, लेकराची सोडवतात तशी, आणि कामाला जायची. रोज. रोज ती धरत होती.

वच्छला रडली नाही. रडण्यापेक्षा मोठं काहीतरी झालं होतं आणि त्याला काय म्हणतात हे तिला माहीत नव्हतं. लहानपणी एकदा, कुणीतरी कडेवर घेऊन मोठ्या धरणाच्या भिंतीवरून पलीकडचं पाणी दाखवलं होतं तेव्हा असं झालं होतं. श्वास आत गेला आणि बाहेर यायचं विसरला. केवढं ते. एका खाटेवर, एका न हलणाऱ्या अंगाआड केवढं ते मावलं होतं. पेरण्या, लग्नं, निंदा, सुनेची पापं, सुनेचं मेलेलं लेकरू. आणि बाहेरून बघणारे म्हणत होते, काय कळतंय तिला.

ऊन कलतं झालं. काळी गेली, अजून एक पांढरी गेली. ती त्यांच्यापाशी प्रत्येकीच्या वेळी थोडा वेळ थांबली, मग दुसऱ्या गोणपाटाखाली झाकून ठेवलं. उरल्या चार. चितळी सकाळपासून होती तशीच होती, पण आता वच्छला थेंब सोडायच्या आधी तिला सांगत होती. "आता देते हं. हळू घे." आपण मोठ्यानं बोलतो आहोत, भिंतीपलीकडं ऐकू जात असेल, हे तिला कळत होतं. तिला त्याचं काही वाटलं नाही. उलट तिला एवढंच कळत होतं की ह्यापुढं कुणासमोरही, कशासमोरही, तिथं कुणी नाही असं धरून बोलता येणार नाही. आणि हे फार अवघड जाणार आहे.

साडेपाचच्या सुमारास चितळीच्या मानेत काहीतरी झालं. वर आली असं म्हणता येणार नाही. तळव्यावरचं वजन कमी झालं, एवढंच. एक गव्हाच्या दाण्याएवढं. जणू आतून कुणी मानेला हात लावून पाहिला, उचलते का. वच्छला श्वास रोखून बसली. पुन्हा वजन आलं. पुन्हा, क्षणभर, गेलं.

मागचं दार वाजलं. अर्जुनराव आले. कोपरापर्यंत पांढरे, चुन्यानं, केसांत माती. त्यांनी फावडं भिंतीला लावलं, हात धुवायला रांजणाकडं गेले, रांजण रिकामा असल्याचं बघून तसेच परत आले आणि तिच्यापासून दोन हातांवर जमिनीवर बसले. आज सकाळपासून त्यांनी एक शब्द काढला नव्हता. आजच कशाला, किती दिवस झाले... ती मनात म्हणाली आणि थांबली.

"पुरलं?"

"हं."

त्यांची नजर कोंबड्यांवर होती.

"लहानसंच होतं," ते म्हणाले. आवाज बरेच दिवस न वापरलेल्या कडीसारखा होता. "पंधरा-वीस दिसांचं आसंल. सगळीकडं माती टाकली. तोंडावर टाकवंना. लई येळ बसलो तिथं."

वच्छलानं त्यांच्याकडं पाहिलं.

त्या दिवशी, अकराव्या दिवशी, फडक्यात गुंडाळून त्यांनीच नेलं होतं. एकट्यानं. घटकाभरानं परत आले आणि गोठ्यात जाऊन बैलांना पाणी पाजलं; ती आतून बघत होती; बादली भरली, पाजली, पुन्हा भरली. आणि तेव्हा तिनं मनाशी म्हटलं होतं, दगड आहे हा माणूस. हे म्हणून तीस वर्षं झाली होती. त्यानंतर पुन्हा तपासून बघायची गरज कधी वाटली नव्हती. त्यांनी तिथं, ओढ्याच्या वरच्या अंगाला, त्या दिवशी किती वेळ बसून काढला होता, तोंडावरची माती कशी टाकली होती, की टाकलीच नव्हती, हातानं सारली होती... तिनं कधी विचारलं नव्हतं. दगडाला काय विचारायचं.

ते तिच्याकडं बघत नव्हते. चुन्यानं माखलेले हात मांडीवर उताणे पडले होते. पापणी हलली.

"जगंल का ही?" त्यांनी विचारलं.

"म्हाईत न्हाई. उद्या कळंल."

सांजेची एस.टी. दूर फाट्यावर थांबून गेल्याचा आवाज आला. खोलीत कोंडलेल्या तेरा कोंबड्या दार उघडा म्हणून कलकलत होत्या. तिला त्यांना सोडायला उठायचं होतं, दिवा लावायचा होता. पण तळव्यावर मान होती, आणि दोन हातांवर तो माणूस होता, ज्याच्याबरोबर तिनं एवढं आयुष्य काढलं आणि ज्याच्या दारावर तिनं कधी थाप मारून पाहिली नव्हती. काय बोलायचं असतं अशा वेळी? मुलीला नावसुद्धा नव्हतं की ते घेऊन सुरुवात करावी.

"अहो..." ती म्हणाली, आणि तिथंच थांबली.

अर्जुनरावांनी मान वळवली नाही. पण ते ऐकत होते. आज तिला ते दिसलं. त्यांच्या पाठीवरून, खांद्यांवरून, स्थिर हातांवरून दिसलं. ते ऐकत होते, आणि किती वर्षांपासून ऐकत होते, कोण जाणे.